एकोणीस फळं

'संपूर्ण लॉट नष्ट करावा' असं मी लिहिलं होतं. सही तेवढी बाकी होती. लॉट म्हणजे ऑइल पामची सहा हजार रोपं, वर्षाच्या आतबाहेरची, माझ्या छातीला लागतील एवढी. एका हेक्टरात १४३ झाडं बसतात. म्हणजे जवळपास ४२ हेक्टरांचा मळा मी कागदावर पुरून मोकळी झाले होते.

मी मूळची कोकणातली. दापोलीत शिकले आणि गेली नऊ वर्षं आंध्रात, गोदावरीच्या पट्ट्यात, ऑइल पामच्या संशोधनात आहे. इथले शेतकरी याला 'पामायिल' म्हणतात. नारळ-पोफळीत वाढलेल्या माणसाला हे झाड परकं वाटत नाही. पोय फुटते, घड धरतो, फळाला करवंटी असते. सगळी कथा त्या करवंटीचीच आहे.

ऑइल पामचं फळ आडवं कापलं की बाहेर केशरी गर दिसतो. पामतेल ते या गरातलं. मध्ये करवंटी, तिच्या आत बी. करवंटी जेवढी जाड तेवढा गर कमी. जाड करवंटीचं झाड ते ड्युरा. करवंटी मुळीच नसलेलं ते पिसिफेरा. आतली बी वाटाण्यासारखी, म्हणून लॅटिनमधल्या वाटाण्यावरून हे नाव. ऐकून वाटेल की मग पिसिफेराच लावावा. पण पिसिफेराचा घड बहुतेक वेळा कोवळेपणीच कुजून गळतो. म्हणून ड्युरा आई आणि पिसिफेरा बाप असा संकर करतात. त्याची सगळी संतती टेनेरा होते: करवंटी पातळ, आणि करवंटीला लागून गरात काळ्या तंतूंचं कडं. ड्युरापेक्षा टेनेरा साधारण ३० टक्के जास्त तेल देतो. जगभरच्या मळ्यांत मुद्दाम लावतात तो टेनेराच.

हा सगळा खेळ एकाच जनुकाचा आहे हे १९४१ साली बेल्जियन काँगोतल्या बेर्नार्ट आणि व्हांडरवेयेन या दोघांनी दाखवून दिलं. त्याआधी चांगल्या टेनेराचं बी टेनेराशीच फळवून लावायचे आणि पाव झाडं वांझ निघायची. का, ते कोणालाच कळत नव्हतं. पुढे २०१३ मध्ये मलेशियातल्या पाम ऑइल बोर्डाच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर ते जनुकच हुडकून काढलं. नाव ठेवलं 'शेल'. ते बिघडवणारे दोन बदल त्यांनी दाखवले. एकात प्रथिनाच्या साखळीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाच्या जागी प्रोलीन येतं, दुसऱ्यात लायसीनच्या जागी अ‍ॅस्परॅजीन. दोन्ही बदल एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. दोनांतला कुठलाही एक बदल एका बाजूने, म्हणजे आईकडून किंवा बापाकडून, आला तर टेनेरा, दोन्ही बाजूंनी जनुक बिघडलेलं आलं तर पिसिफेरा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या शोधाचं मोल फार मोठं. रोपाकडे बघून ड्युरा की टेनेरा हे कोणालाही सांगता येत नाही. फळ हाती यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि झाड मळ्यात पंचवीस वर्षं उभं राहतं. चुकीचं रोप लावलेला माणूस चार वर्षं पाणी, खत, मजुरी घालतो आणि मग फळ कापून बघतो. असे कापलेले ड्युरा हातात घेऊन आमच्या दारात आलेले शेतकरी मी पाहिले आहेत. ते भांडत नाहीत. 'आता काय करायचं, अम्मा?' एवढंच विचारतात. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नसतं.

म्हणून आम्ही रोपवाटिकेतून रोपं बाहेर पडण्याआधी पानं तपासायला लागलो. पानाचा रुपयाएवढा तुकडा, त्यातून डीएनए, मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं. मी त्या कामाची प्रमुख. दोन बदल, दोन जागा. त्या दोन जागांवरची अक्षरं वाचायची आणि निकाल द्यायचा.

त्या दिवशी, सप्टेंबरातल्या एका बुधवारी, माझ्यापुढे ९६ नमुन्यांची प्लेट होती. ९२ रोपं, त्यांची आई, त्यांचा बाप, आणि तुलनेसाठी आधीच माहीत असलेला एक ड्युरा नि एक टेनेरा. या लॉटचं बी आमच्याच बीजोद्यानातलं. एका खासगी रोपवाटिकेने अंकुरलेलं बी नेऊन रोपं वाढवली होती. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर यायचे होते. खड्डे काढून झाले होते.

निकाल असा: आई ड्युरा, हवी तशीच. रोपांत ४८ टेनेरा, ४४ ड्युरा. आणि बाप टेनेरा.

आकडे बघताच मला उलगडलं. निदान तसं वाटलं. पिशवी फाटून परक्याचा पराग आत शिरला असता तर शेकड्यात चार-पाच रोपं बिघडली असती. संकर करायचा म्हणजे मादी पोय उमलायच्या आधी आठवडाभर पिशवीत बांधतात. उमलली की तिला बडीशेपेसारखा वास सुटतो आणि त्या वासावर इवलेसे सोंडे किडे येतात. मूळचे कॅमेरूनचे हे किडे १९८१ मध्ये मलेशियात सोडले, तेव्हापासून तिथल्या मळ्यांत माणसाने हाताने पराग टाकायची गरज उरली नाही. मळ्यात ते देवासारखे, बीजोद्यानात चोरासारखे. पिशवीला टाचणीएवढं भोक पुरतं. पण किड्यांनी अर्धी रोपं बिघडत नाहीत. निम्मी-निम्मी वाटणी म्हणजे बापच टेनेरा, त्याने अर्ध्या मुलांना चांगलं जनुक दिलं, अर्ध्यांना बिघडलेलं. आणि बापाचं पान माझ्याच प्लेटमध्ये टेनेरा म्हणून उभं होतं. गणित चोख जुळत होतं.

हे कसं झालं असेल याचीही गोष्ट मी मनात जुळवली. काही वर्षांपूर्वीच्या वादळात त्या ब्लॉकमधल्या झाडांच्या पाट्या उडाल्या होत्या. परत ठोकताना अदलाबदल झाली असणार. म्हणजे पिसिफेरा समजून कोणीतरी शेजारच्या टेनेराचा पराग काढला असणार. सहा हजारांतलं एकेक रोप तपासायला ना वेळ, ना पैसा. अर्धी ड्युरा असलेला लॉट शेतकऱ्याला देता येत नाही. मी अहवाल लिहून काढला. आमचे सर बाहेरगावी होते. फोनवर म्हणाले, "खात्री आहे ना? मग संध्याकाळपर्यंत पाठवून दे."

अकराच्या सुमाराला ताता परागाच्या नोंदवहीवर माझी सही घ्यायला आले. ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. बीजोद्यानात झाडावर चढून पिशव्या बांधणं, पराग गोळा करणं, तो वाळवून बाटलीत भरणं ही कामं त्यांची. सतरा वर्षं. माझ्यापुढच्या कागदावर बापाचा नंबर दिसला तसे ते थांबले.

"या झाडाचं काय, अम्मा?"

मी सांगितलं. पाट्यांबद्दलही सांगितलं. ते सांगताना मला आठवलंच नाही की वादळानंतर त्या पाट्या कोणी ठोकल्या होत्या. त्यांचा चेहरा बघितल्यावर आठवलं.

ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पाटी उडाली तरी झाड कुठे उडालं? सतरा वर्षं त्याच्यावर चढतो मी. एक घड खाली आणलेला नाही. धरतो आणि कुजतो. तुमचा टेनेरा असा असतो का?"

मी म्हटलं, "ताता, डीएनए चुकत नाही." हे वाक्य मी तेव्हा उच्चारलं ते मला आजही बोचतं. डीएनए चुकत नाही हे खरं, पण मी वाचत होते त्या फक्त दोन जागा.

"आगंडी," ते म्हणाले. थांबा. "सही करू नका. आधी झाड बघा."

आम्ही निघालो. ब्लॉक अर्ध्या किलोमीटरवर. आदल्या रात्री पाऊस झाला होता, पायवाटेवर वाळलेल्या झावळ्यांचा चिखल. झाडाखाली पोचल्यावर त्यांनी लांब आकडीने पानांच्या बेचक्यांतून एकेक गोष्ट ओढून खाली पाडली. कुजलेला घड, तपकिरी, मुठीएवढा काट्यांचा गोळा. त्याच्या खालच्या बेचक्यात आणखी एक, जुना, वाळून भुगा होत आलेला. आणखी एक. मी मान वर करून मोजत होते. टेनेराच्या झाडावर या बेचक्यांत पंधरा-वीस किलोचे घड बसलेले असतात. इथे सगळी मढी.

त्यांतल्या एका घडात काट्यांच्या आड दोन फळं कशीबशी पिकलेली सापडली. तातांनी चाकूने कापली. केशरी गर, मधोमध वाटाण्याएवढी बी, भोवती थोडे तंतू. करवंटी नाही.

मी तिथेच खाली बसले. हात गराने तेलकट झाले होते. बाप पिसिफेरा होता, यात संशयाला जागा नव्हती. मग त्याचं पान टेनेरा का म्हणत होतं? पान घेताना चूक झाली असेल म्हणून मी त्याच झाडाचं नवं पान काढून घेतलं. पण मनात दुसरंच काहीतरी सरकायला लागलं होतं.

आमच्या बीजोद्यानातल्या आया जवळपास एका घरातल्या आहेत. १८४८ साली जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावलेल्या चार रोपांपासून सुमात्रातल्या डेली भागात जी झाडं पसरली, त्या 'डेली ड्युरा'चा हा वंश. बापांचं तसं नाही. ते आफ्रिकेतून वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी जगभर गेले. करवंटीचं जनुक त्या सगळ्यांत एकाच तऱ्हेने बिघडलेलं असेल असं कशावरून? त्या दोन बदलांखेरीज आणखीही बदल सापडल्याचे शोधनिबंध तोवर छापून आले होते. मी ते वाचले होते. वाचून फाइलला लावले होते.

या झाडाने एका बाजूने मला माहीत असलेला बिघाड घेतला असेल आणि दुसऱ्या बाजूने माझी चाचणी बघतच नाही असा तिसरा, तर? तर जनुक दोन्हीकडून बिघडलेलं, म्हणून झाड पिसिफेरा. पण माझ्या चाचणीला एकच बिघाड दिसणार, दुसरा तिला 'ठीक' वाटणार, म्हणून कागदावर टेनेरा. मुलांत निम्म्यांना पहिला बिघाड मिळणार, ती टेनेरा दिसणार. निम्म्यांना तिसरा मिळणार, ती ड्युरा दिसणार. खरं तर सगळीच टेनेरा.

तेच आकडे, तीच वाटणी. एका अर्थाने सहा हजार रोपं गाडायची, दुसऱ्या अर्थाने एकही नाही.

मी मोठ्याने हे सगळं तातांना सांगत होते, निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत, आणि त्यांना किती कळत होतं कोण जाणे. मध्येच ते म्हणाले, "याची पोरं आहेत की आपल्याकडे. मोठी झालेली."

मला माहीतच नव्हतं. मी येण्याच्या आधी, याच बापाचा आणि त्याच आईचा संकर एका जुन्या चाचणी ब्लॉकमध्ये लावला होता. ३६ झाडं लावली, ३१ जगली. घड तोडून वजन करून विकले जात, पण त्यांची पानं कधीच कोणी तपासली नव्हती, कारण तेव्हा अशी चाचणीच नव्हती.

दुपारचं जेवण राहिलं. तातांनी दोन मुलं बरोबर घेतली आणि आम्ही त्या ब्लॉकमध्ये शिरलो. त्या दिवशी पिकलेला घड १९ झाडांवर मिळाला. प्रत्येक झाडाचं एक फळ, एक पान, एक नंबर. पहिलं फळ कापलं: पातळ करवंटी, भोवती काळं कडं. दुसरं: कडं. तिसरं, चौथं. पाचव्या फळाला ताता चाकू लावत होते तेव्हा माझा श्वास खरोखर अडकला होता. कडं. बाराव्यानंतर मी मोजणं सोडून नुसती बघत राहिले. एकोणीसच्या एकोणीस टेनेरा.

बाप टेनेरा असता तर प्रत्येक झाड ड्युरा निघायची शक्यता निम्मी. एकोणिसांतलं एकही ड्युरा न निघणं म्हणजे पाच लाखांत एखाद्या वेळी घडावं असं. हे गणित मी झाडाखालीच, हातावर पेनने केलं.

चार वाजता रोपवाटिकेच्या मालकांना फोन केला. ट्रॅक्टर येऊ देऊ नका म्हटलं. "रोपं वाईट आहेत का, मॅडमगारू?" मी म्हटलं, "नाहीत असं वाटतं. पण अजून हातात पुरावा नाही." किती दिवस, हे त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. त्यांच्या मागे कोणीतरी शेतकरी मोठ्याने बोलत होता. खड्ड्यांत शेणखत पडलं होतं, मजूर ठरले होते. त्या आवाजाला उत्तर द्यायला मी फोनवर नव्हते, ते त्यांनाच द्यावं लागलं.

रात्री मी प्रयोगशाळेतच थांबले. एकोणीस पानं कुटून, डीएनए काढून, पीसीआर लावला. पाम तेलकट, चिवट. त्याचा डीएनए स्वच्छ निघायला वेळ लागतो. पहाटे तीनच्या सुमाराला जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे रेषांसारखे दाखवणारी चकतीसारखी वडी, दिव्याखाली धरलं. शेजारच्या टेबलावर एकोणीस कापलेली फळं नंबरवार मांडून ठेवली होती. वास सगळ्या खोलीत भरला होता. जेलवर एकोणिसांपैकी दहा ड्युरा.

एकेका रेषेवरून नजर त्या नंबरच्या फळाकडे न्यायची. सात नंबर, जेल म्हणतं ड्युरा, फळात काळं कडं. अकरा नंबर, ड्युरा, कडं. मी हे दहा वेळा केलं. मग परत एकदा, उलट्या क्रमाने. झाडं बरोबर होती आणि माझी चाचणी अपुरी होती, हे त्या टेबलावर इतकं उघड होतं की तिसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

सकाळी सरांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जनुकाचा तो सगळा तुकडाच वाचून घे. अक्षर न् अक्षर." नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. नऊ दिवसांनी उत्तर आलं. बापात माझा ओळखीचा बदल एका बाजूला होता, आणि दुसऱ्या बाजूला त्याच जनुकाच्या त्याच भागात तिसऱ्याच जागी एक अक्षर बदललेलं. जेलवर ड्युरा ठरलेल्या दहाही झाडांत तो तिसरा बदल होता. उरलेल्या नऊंत नव्हता. रोपवाटिकेतल्या ९२ पानांतही तीच वाटणी. रोपं दोन आठवडे उशिरा गेली.

आता आमच्या चाचणीत ती तिसरी जागाही आहे. शिवाय नवा बाप वापरायच्या आधी त्याच्या जनुकाचा पूर्ण तुकडा वाचतो आणि त्या वंशाचं कापलेलं फळ मिळत असेल तर ते पानाच्या जोडीला ठेवतो. फळ उपलब्ध नसेल तर अहवालात तसं लिहितो. हे सगळं आधीपासून करायला हवं होतं. शोध परदेशात लागला, त्यांनी त्यांच्या झाडांत जे सापडलं ते सांगितलं, आणि मी ते माझ्या झाडांना जसंच्या तसं लावलं. आपल्याकडची झाडं कुठून आली, ते कागद जुने आणि तुटक आहेत. माझ्या महाराष्ट्रातच १९४७ ते १९५९ या काळात पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सने पुण्याजवळ कालव्यांच्या बांधांवर आणि परसांत आफ्रिकन ड्युराची झाडं लावली होती, हे मला इथे येऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. आपल्या झाडांचा वंश आपल्यालाच धुंडाळावा लागणार आहे.

तो निकाल आला त्या संध्याकाळी मी माझे जुने अहवाल काढून बसले. मला एकच नंबर शोधायचा होता. आदल्या वर्षी, चारशे रोपांचा एक छोटा लॉट, वीस पानं तपासलेली, नऊ ड्युरा. 'नष्ट करावा.' खाली माझी सही. बापाचा नंबर तोच.

वीसच पानं म्हणून मी तेव्हा वाटणीचा विचारही केला नव्हता. ती रोपं त्याच मालकांच्या वाटिकेत होती. मी दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. ताता बरोबर आले, मी सांगितलं नव्हतं तरी. मालकांना मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: रोपं चांगली होती, माझा अहवाल चुकीचा होता, तसं मी वर लेखी कळवलं आहे आणि नुकसानभरपाईसाठी लिहिलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. वाटिकेच्या मागे जिथे ती पुरली होती तिथे आता भेंडी होती.

मग ते म्हणाले, "चारशे नाही पुरली. तीनशे अठ्ठ्याण्णव." पंपघराच्या मागे त्यांनी दोन रोपं लावून ठेवली होती. इतकी तरतरीत रोपं होती, जीव झाला नाही, म्हणाले. माझा हुकूम मोडला म्हणून वर्षभर ते मला पंपघराकडे जाऊ देत नव्हते.

दोन्ही झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. घड धरायला अजून वेळ होता. तातांनी चाकूने दोन्हींच्या पानांचे तुकडे कापून दिले, मी ते पाकिटांत घातले, नंबर टाकले. पाकिटावर 'प्रकार' असा एक रकाना असतो. तो मी कोरा ठेवला.